लाईन तुटेल म्हणून

छातीत कळ येतेय, फोन हाताच्या अंतरावर आहे, दवाखान्याचा नंबर पाठ आहे... तरीही माणूस फोन उचलत नाही. का, ते सांगता येईल तुम्हाला? घाईनं उत्तर देऊ नका. मी पाच आठवडे विचार करतोय आणि दर वेळी ज्या उत्तराशी येऊन थांबतो, ते माझ्याच अक्षरात लिहिलेलं असतं.

त्या शनिवारी दुपारी मी नगरला छापखान्यात एका पत्रकाचं प्रूफ वाचत होतो. मालकांनी हाक मारली, भिंगारहून फोन आहे म्हणून. पलीकडे माझा मामेभाऊ अनिल होता. ‘दादा, बाबा गेले,’ एवढंच म्हणाला. म्हणजे तोवर त्या घरातली लाईन मोकळी झाली होती. हे वाक्य तुम्हाला निष्ठुर वाटेल. पुढचं वाचलंत की कळेल.

किसनमामा मूळचे मिरजगावकडचे. भिंगारला एका सरकारी कचेरीत एकतीस वर्षं शिपाई होते. साहेबाच्या बंद दाराबाहेर स्टूल, डोक्यावर घंटा. घंटा वाजली की आत जायचं. आपण होऊन दार वाजवायचं नाही. एकदा कचेरीमागच्या वाळक्या गवतानं पेट घेतला, तरी मामा घंटेची वाट बघत उभे राहिले. ही गोष्ट ते स्वतःच हसत सांगायचे. ‘जाळ पार भिंतीपत्तुर आला, तवा सायबानंच दार उघाडलं. म्हनला, किसन, हे काय? म्हनलं, सायेब, जाळ हाय, पन तुमी कामात हुता.’ सगळे हसायचे. मी मात्र सभांच्या पत्रकांवर अक्षरं गिरवून वाढलेला. एकदा या गोष्टीवरून मी त्यांना गुलामीच्या मानसिकतेवर चांगलं अर्धा तास सुनावलं होतं. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘बोल, बोल. चा थंड हुतोय तेवढा पी, मंग क्रांती कर.’

निवृत्तीनंतर त्यांच्याकडे फोन आला. बऱ्याच वर्षांपूर्वी भरलेल्या अर्जाचा. आमच्या वस्तीत तो पहिलाच. मामांनी तो पुढच्या खोलीत खिडकीशी ठेवला आणि रिसीव्हर बाहेर जावा म्हणून खिडकीचा एक गज कापून घेतला. गल्लीत उभं राहून कुणीही बोलावं. अर्ध्या वस्तीनं पाहुण्यारावळ्यांना हाच नंबर देऊन ठेवला होता. कुणाचा फोन आला की मामा चप्पल न घालता बोलवायला पळायचे. एकतीस वर्षं दार राखलेल्या माणसानं आपल्या घराला असं भगदाड पाडून घेतलं, याचा मला फार अभिमान होता.

मग अनिलचा लॅपटॉप आला. पुण्यातल्या कॉम्प्युटर कंपनीत लागलेला आमच्यातला तो पहिला मुलगा. सहा महिने कच्ची नोकरी, काम पसंत पडलं तर कायम. पुण्यातली खोली सुटली म्हणून दोन महिने घरून काम करायची परवानगी त्यानं मिळवली होती. इंटरनेटसाठी फोनच्या डबीतून दुसरी वायर काढून आम्ही ती आतल्या खोलीत नेली. भिंतीवर खिळे मी मारले. अनिलनं वायर लॅपटॉपला जोडली, नाव घातलं, पासवर्ड घातला. यंत्रानं नंबर फिरवला आणि शिट्ट्या मारत, खरखरत ओरडायला लागलं. दोनदा लागलं नाही. तिसऱ्यांदा लागलं आणि एकदम गप्प झालं. मामा दारातून म्हणाले, ‘आमचा सायेब आसाच. आधी वरडायचा, मंग गप बसून काम करायचा.’

पण फोन आणि लॅपटॉप एकाच लाईनवर. पुढच्या खोलीत कुणी रिसीव्हर उचलला की आतलं कनेक्शन तुटायचं, तासभर पाठवत असलेली फाईल वाया जायची. तेव्हा मी एक पुठ्ठा घेतला आणि मोर्चाच्या फलकाला काढतो तशा ठसठशीत लाल अक्षरांत लिहिलं: ‘लॅपटॉप चालू असताना फोन उचलू नये. दार वाजवू नये.’ तो खिडकीत लावला. दोन दिवसांनी शेजारच्या शांताबाईंनी सवयीनं गजातून हात घालून फोन उचलला. आतून अनिल ओरडला. मी त्यांच्या अंगावर गेलो, ‘एवढं मोठं लिहिलंय, वाचता येत नाही का?’

त्यांना खरंच वाचता येत नव्हतं. मला ते ठाऊक होतं. रागात सुचलं नाही, एवढीच माझी सबब. संध्याकाळी मामा शांताबाईंच्या उंबऱ्यावर जाऊन बसले. ‘आमचं पोरगं शिकलंय, पन आजून लहान हाय,’ म्हणाले म्हणे.

त्या शनिवारचं मला शांताबाईंनीच सांगितलं. मामी विहारात गेल्या होत्या. आत दार लावून अनिल शेवटची मोठी फाईल पाठवत होता, नोकरी तिच्यावर ठरणार होती. मामा त्या दाराशी स्टुलावर बसलेले, घामानं निथळत, डावा दंड दाबत. शांताबाई खिडकीतून म्हणाल्या, ‘आन्ना, लावा की डाक्टरला फोन.’

‘थांब बाई. त्येचं चाललंय.’

‘मंग पोराला हाक मारा!’

‘कामात हाय त्यो. हुईल पाच मिनटात.’

त्यांनी रिसीव्हरला हात घातला, तर मामांनी उठून तो धरला. ‘लाईन तुटंल,’ म्हणाले. ‘पोराचं कायम व्हायचंय.’ मग शांताबाई आत येऊन त्यांचे तळवे चोळत बसल्या. दाराकडे त्यांनी दोनदा पाहिलं. ‘पन तू वरडशील आसं वाटलं रं मला,’ त्या मला म्हणाल्या.

दार उघडलं तेव्हा मामा भिंतीला टेकून बसले होते. अर्धा तास आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. फाईल पोहोचली होती. अनिलला कायम केल्याचं पत्रही आलं, मामांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी. त्यानं ते उघडलं नाही.

घरी येऊन मी यंत्राविरुद्ध पत्रक लिहायला बसलो. चार ओळींवर अडलो. यंत्रानं मामांना काहीच सांगितलं नव्हतं. कचेरीनं एकतीस वर्षं सांगितलं होतं, की आतला माणूस मोठा आणि बाहेरचा थांबण्यासाठीच जन्मलेला. गज कापून ते त्यातून सुटू पाहत होते. त्यांना परत स्टुलावर बसवलं आम्ही, त्यांच्याच घरात. आणि हुकूम सुवाच्य अक्षरात लिहिला मी, समतेची पत्रकं लिहिणाऱ्यानं.

आता अशा वायरी घरोघर आत येतील, त्यांच्यामागे दारं बंद होतील. म्हणून एक मागणं आहे. आजच घरातल्या म्हाताऱ्या माणसांना त्या खोलीत बोलवा. तुमचं काम ऐन भरात असताना त्यांच्याच हातानं फोन उचलायला लावा. कनेक्शन तुटू द्या. मग त्यांच्यासमोर नंबर पुन्हा फिरवा आणि ते परत जोडलं जातं, हे त्यांच्या डोळ्यांना बघू द्या.