दसऱ्याचा हॉर्न

काळ्या चिकटपट्टीचा वास आला, की मुलुंडच्या आमच्या सोसायटीतला तो दसरा आठवतो. पन्नाशीत प्रथमच हौसेने मी स्वतः, वायरींच्या जोडांना ती पट्टी गुंडाळून, गाडीत स्टिरिओ बसवला होता. त्याची बटणे स्टिअरिंगवर. माझी पत्नी सुनंदा गाडीला ओवाळत होती. मी बटण दाबले आणि गाण्याऐवजी हॉर्न सुरू झाला. तो थांबेचना.

“सर, दुसरं गाणं लावा हो!” वरच्या मजल्यावरचे सावंत खिडकीतून ओरडले. खिडक्याखिडक्यांतून हशा उसळला. मी वायर उपटली आणि मान खाली घालून जिन्याकडे निघालो.

“अहो, गाण्याचं राहू द्या. मार्वेच्या समुद्रावर जायचंय ना आपल्याला?” सुनंदाने मागून हाक मारली.

मी वळलो नाही. उरलेला सगळा हशा तबक धरून उभ्या असलेल्या तिच्या एकटीच्या वाट्याला आला, हे मला फार उशिरा उमगले. अजूनही चेहरा तापतो.