बांधावरची पुरचुंडी

ओल्या काथ्याचा वास आला की मला लातूरच्या कॉलेजातली आमची प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा आठवते. तिथे झाडलोट करणाऱ्या मावशी रेणापूरकडच्या होत्या. एका सोमवारी त्यांनी जेवणाच्या डब्यातून लिंबाएवढी पांढरी, रेशमी पुरचुंडी आणली. आदल्या दिवशी शेताच्या बांधावर दगड रचताना त्यांच्या हातून एक पंजाएवढी केसाळ टॅरंटुला कोळीण चिरडली गेली होती, आणि मरतानाही तिने अंड्यांची ती पुरचुंडी सोडली नव्हती. "माय माझ्या हातनं मेली, सर. लेकरं तेवढी जगवा," मावशी म्हणाल्या. मी पुस्तकं चाळली. आई पुरचुंडी सतत फिरवत राहते, नाहीतर अंडी चिकटून कुजतात, एवढं कळलं. मग आम्ही बरणीत ओला काथ्या घातला, वर जाळीच्या कापडाची झोळी बांधली आणि पुरचुंडी तिच्यात ठेवून दर तीन तासांनी अलगद फिरवू लागलो. कॉलेज सुटलं की बरणी मी घरी नेई. सकाळी मावशींचा पहिला प्रश्न ठरलेला, "झोपताना फिरवलं नव्हं?" महिनाभराने पुरचुंडी उघडली, तर आत मुगाएवढी फिकट पिल्लं हळूहळू पाय हलवत होती. "जित्ती हायत वो!" म्हणत मावशी पदरात तोंड घालून रडल्या. पिल्लं काळसर होऊन धावू लागल्यावर आम्ही ती त्याच बांधावर सोडली. मावशी आता निवृत्त होऊन गावीच असतात. परवा त्यांचा फोन आला, "सर, बांधात एक बीळ दिसायलंय, तोंडाशी जाळं हाय. तिकडं म्या कुणाला दगड हलवू देत न्हाई."