चौथी कॅप्सूल

मुतिन्ता हामूंगाने फेफऱ्याचं काम काही हौसेने मागून घेतलं नव्हतं. बत्तीस वर्षांपूर्वी, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला, मेंदूच्या आजारांच्या प्रशिक्षणाला एकही मुलगी नाव देईना, तेव्हा मेट्रनबाईंनी यादीत तिचं नाव घालून टाकलं. त्या दिवशी मुतिन्ता तापाने पडून होती; नाही म्हणायलासुद्धा वर्गात नव्हती. पुढे चिलिंडी गावच्या दवाखान्यात नेमणूक झाली आणि दर गुरुवारचे फेफऱ्याचे रोगी तिच्या पदरात पडले ते पडलेच. नवरा वारला, मुलगी राजधानीत, लुसाकाला नांदायला गेली, बदलीचे चार अर्ज गेले. गुरुवार तेवढा कुठे गेला नाही.

इतकी वर्षं तिच्या फडताळात मुख्य औषध एकच, फिनोबार्बिटोन. बारकी पांढरी गोळी, दिवसातून एकदा. आकडी आवरते, पण माणसालाही जरा आवरूनच ठेवते. सकाळभर डोळ्यांवर झापड, बोलणं संथ. तरी लोक घेत, कारण चुलीत पडण्यापेक्षा झापड बरी. ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी मात्र जिल्ह्याहून ती गोळी यायची थांबली. ही गोळी एकदम तोडली तर आकड्या एकामागोमाग एक येत राहतात, माणूस शुद्धीवरच येत नाही. म्हणून शेवटचे डबे मुतिन्ताने पुरवून पुरवून वापरले. एकेकाची गोळी आठवड्या-आठवड्याने कमी करत सगळ्यांना फेनिटोइनच्या कॅप्सूलांवर आणलं. जीव मेटाकुटीला आला, पण एकही रोगी दगावला नाही.

त्यांतलाच एक जाइरस सियांकोले. कुदळीचे दांडे तासणारा, चाळिशी उलटलेला, सडसडीत माणूस. अकरा वर्षांपूर्वी त्याने दारू सोडली, तेव्हापासून चर्चच्या दारात उभं राहून आल्यागेल्याला बसवायचं काम त्याच्याकडे होतं. त्यासाठी बायकोकडून सदरा धुऊन घ्यायचा तो शनिवारीच.

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी तो मुतिन्ताच्या टेबलापुढे बसला. बाहेर उन्हाने पत्रा तडतडत होता आणि त्याच्यामागे अजून साठेक जण ताटकळत होते.

"सिस्टर, महिन्याला एकदा पडतोच अजून."

"तीन घेता ना रोज?"

"तीन. एक दिवस चुकत नाही."

"मग चार घ्या." तिने कार्डावर तीनचा आकडा खोडून चार लिहिला. "पुढचं कोण?"

तीन आठवड्यांनी त्याची बायको एकटीच आली. सगळे तिला बिना लुयांडो म्हणत, लुयांडोची आई. ती बाकावर बसलीच नाही.

"सिस्टर, आमच्या घरातल्यांना चर्चच्या मंडळीने दारावरच्या कामावरून काढलं."

"का गं? काय केलं त्यांनी?"

"दारू पितात म्हणे. रविवारी बा हाचीलांनी सगळ्यांसमोर सांगितलं. आणि खोटं तरी कसं म्हणू? पाय फाकून चालतात. भिंत धरतात. बोलायला लागले की जीभ जड. परवा दांडा तासताना वाकस हातावरच बसला."

"वास येतो तोंडाला?"

"तेच तर! वास कसलाच नाही. ते झोपलेले असताना मी हुंगून बघितलं. चुलतसासरे म्हणतात, लुसाकाची दारू असेल, तिला वास नसतो."

मुतिन्ताच्या हातातलं पेन थांबलं. तिने जाइरसचं कार्ड काढलं. खोडलेला तीन, वर चार, खाली तिचीच सही.

हे तिला माहीत होतं. प्रशिक्षणात एक म्हातारे मास्तर फळ्यावर रेघ काढून दाखवत, बराच वेळ सरळ चढणारी आणि मग एकाएकी आभाळात जाणारी. बाकीची बहुतेक औषधं जितकी वाढवाल तितकीच रक्तात वाढतात. फेनिटोइनचं तसं नाही. यकृत ते एका मर्यादेपर्यंत निपटतं, त्यापुढे त्याचे हात भरतात आणि उरलेलं रोज साचत जातं. म्हणून वरच्या टप्प्यावर वाढवायचं ते चिमूटभर, अर्ध्या गोळीने. कॅप्सूल अर्धी होत नाही, आणि त्या दिवशी तिला विचार करायलाही सवड मिळाली नव्हती.

ती त्याच दुपारी बिना लुयांडोबरोबर मासळीच्या ट्रकवर बसून गेली. जाइरस अंगणात मोपानेच्या बुंध्याला टेकून बसला होता, हाताला फडकं गुंडाळलेलं. मुतिन्ताने त्याच्या डोळ्यांपुढून बोट फिरवलं. बुबुळं बोटामागे सरळ जाईनात, झटके खात राहिली.

"सिस्टर," तो सावकाश म्हणाला, "मी प्यालो नाही. पण इतके जण म्हणतात, की आता माझी मलाच शंका यायला लागली."

"तुम्ही नाही प्यालात. मी पाजलं तुम्हाला. आज आणि उद्या एकही कॅप्सूल घ्यायची नाही. परवापासून पुन्हा तीन. दोन दिवसच हं, तिसरा दिवस चुकवायचा नाही."

त्याने नुसती मान हलवली. तिला वाटलं होतं, ओरडेल. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

रविवारी तिची सुट्टी. पाय सुजलेले, धुणं तुंबलेलं. तरी ती चर्चला गेली आणि गाणी संपल्यावर उभी राहिली. पुढच्या खुर्चीत बा हाचीला बसले होते, मंडळीतले सगळ्यात वडील, ताठ मानेचे.

"बोला सिस्टर. पण रोग्याची बाजू तुम्ही घेणारच."

"बाजू घ्यायला नाही आले, बाताता," वडीलधाऱ्यांना म्हणावं तसं ती म्हणाली. "चूक सांगायला आले. जाइरस दारू प्यालेले नाहीत. मी त्यांना औषध जास्त दिलं."

कुजबूज झाली. मागून एक बाई म्हणाली, "एक गोळी जास्त घेऊन कुणी झिंगतं का?"

"आपल्या गिरणीवर दिवसाला दहा पोती दळतात ना? कुणी रोज अकरा आणली तर? पहिल्या दिवशी एक पोतं मागे राहील. महिन्याने दारातून आत जायला वाट राहणार नाही. या औषधाचं पोटात तसंच होतं. दहापर्यंत सगळं ठीक, अकराव्याला ढीग. हे मला शिकवलेलं होतं. मी विसरले."

बा हाचीला म्हणाले, "मंडळी विचार करील."

मंडळीने विचार करायला पाच आठवडे घेतले. तोवर जाइरसची चाल सुधारली, जीभ सुटली. मुतिन्ताने त्याला नवा हिशेब घालून दिला. सोमवार, बुधवार, शुक्रवार चार. बाकीच्या दिवशी तीन. चौथी अर्धी करता येत नाही, तर आठवडाच विभागायचा. तो ऐकून जाइरस म्हणाला, "रविवारी तीनच ना? मग ठीक. दारात उभा राहून झुलायला नको." तो हसला, ती हसली नाही. त्या वेळापत्रकावर नवीन वर्षापर्यंत त्याला एकदाच आकडी आली. डिसेंबरात त्याला पुन्हा दारावर घेतलं. माफी मात्र कुणी मागितली नाही.

त्या कबुलीची झळ तिला लागलीच. त्या रविवारनंतरच्याच गुरुवारी अकरा जण आले नाहीत. सिस्टरच्या गोळ्यांनी माणूस झिंगतो, अशी आवई उठली होती. दोन आठवडे ती दवाखाना आटोपून त्यांच्या दारोदार फिरली, सायकल ढकलत, टेकडीवरच्या वस्त्यांत. कुणी मक्याचं गोड पेय, चिबवांतू पाजलं, कुणी दारच उघडलं नाही. नऊ परत आले. उरलेल्या दोघांपैकी एक पलीकडच्या गावी निघून गेल्याचं कळलं, दुसऱ्याचा पत्ताच लागला नाही. त्या पायपिटीत तिने पाचवा अर्ज लिहायचं ठरवलं, आणि घरी आल्यावर कागद समोर घेऊन बसल्या जागी झोपली.

जानेवारीतल्या एका गुरुवारी, सगळे गेल्यावर, बा हाचीला दारात आले. मागे अंगभर चितेंगेचं छापील कापड पांघरलेली एक मुलगी, सोळाएक वर्षांची. गावात कुणी तिला फारसं बघितलेलं नव्हतं. मुतिन्तानेही नाही.

"ही माझी शेवटची. चिलाला," ते म्हणाले. "सहा वर्षं झाली, पडते. घरातच ठेवली."

"सहा वर्षं, बाताता?"

"मंडळीत माझा मान बघता..." ते टोपी हातात फिरवत राहिले. "तुम्ही त्या दिवशी सगळ्यांसमोर उभ्या राहून म्हणालात, विसरले म्हणून. तसं कुणी म्हणत नाही. हिला मोजून द्याल ना?"

मुतिन्ताला आनंद व्हायला हवा होता. तिला आधी दिसलं ते हे, की आणखी एक कार्ड, आणखी एक गुरुवार. मग तिने मुलीला खुर्चीत बसवलं आणि तिलाच विचारलं, पडण्याआधी काही जाणवतं का. बापाने उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर तिने हाताने थांबवलं.

"उजवा हात आधी उडतो," मुलगी पुटपुटली. "मग मला कळत नाही."

फडताळात नव्याने आलेली व्हॅल्प्रोएटची बाटली होती. मुतिन्ताने ती मागे सरकवली. या वयाच्या मुलीला ती सुरू करायची नाही, उद्या दिवस राहिले तर बाळाच्या पाठीच्या कण्याला धोका. तिने कार्बामाझेपिन काढलं. हे औषध पहिल्या काही आठवड्यांत शरीर स्वतःच जास्त भराभर जाळायला शिकतं, म्हणून मात्रा पुढे वाढवावी लागते, पण सुरुवात थोडक्यातून. अंगावर पुरळ उठलं तर लगेच थांबवून यायचं, हे तिने दोघांकडून दोनदा म्हणवून घेतलं.

कार्डावर लिहिण्याआधी तिने जाडजूड जुनं पुस्तक उघडलं, चष्मा पुसला आणि मात्रेचं पान बोट ठेवून, ओळीओळीने वाचलं. बा हाचीला उभेच होते.

"बसा ना, बाताता," ती म्हणाली. "मला वेळ लागेल."