माफी इथल्यापुरती

चांगदेव सुटून आला त्या दिवशी कोन गावात बँजो वाजला. फौजदार असताना त्याने वडपे गावच्या गोदामातल्या एका हमाल पोराला चोरीच्या संशयावरून दोन दिवस कोठडीत मारलं होतं. पोरगा तिथेच गेला. खटला दहा वर्षं चालला, जन्मठेप झाली आणि सहा वर्षं भोगल्यावर राज्यपालांची माफी आली.

बायको जानकीबाईने चाळीस माणसांचं रांधलं. हार घातलेल्या नवऱ्याकडे बघून तिला आनंद झाला नाही, वाईटही वाटलं नाही. ती वाढत राहिली.

महिन्याभराने मुलीचा फोन आला. रीमा नेदरलँड्सला असते, तिला सातवा महिना लागला होता. "आई, तू ये. बाबांचं मात्र आधी वकिलांना विचारा."

भिवंडीतले वकील आल्हाद यांनी माफीचा कागद दोनदा वाचला. "काका, ही इथल्या शिक्षेला माफी आहे. पोलिसाने केलेला छळ तिकडच्या कायद्यात गुन्हा आहे, मग तो कुठेही केलेला असो. तुम्ही तिथे उतरलात आणि त्या मुलाच्या आईने, तुळजाबाईंनी तक्रार केली, तर ते पकडू शकतात."

"राज्यपालांची सही हाय यावर."

"आहे. पण ती त्यांना बंधनकारक नाही. पकडतीलच असं नाही. पण मी गेलो नसतो."

घरी आल्यावर जानकीबाईने चहा ठेवला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं, "त्या पोराला काय काय केलंत तुमी?"

"ड्युटी होती."

"ते न्हाय विचारलं."

मग त्याने सांगितलं. तळपाय, पाण्याची बादली, दुसऱ्या दिवशी पोराने आईला बोलवा म्हटलेलं. आपल्याला रडू येईल असं तिला वाटलं होतं. काहीच आलं नाही. उतू गेलेला चहा तिने पुसून घेतला.

ती एकटीच गेली. रीमाला मुलगी झाली. बाबांचा विषय रीमाने काढला नाही, जानकीबाईनेही काढला नाही. तीन महिने बाळाला तेल लावलं, डाळभात केला.

परतल्यावर चांगदेवने विचारलं, "कोनासारखी दिसते?"

"रीमासारखी."

"फोटो दाखव."

"रीमा नको म्हणाली."

तो बरं म्हणाला. तिने बॅग उघडून मळके कपडे वेगळे काढायला घेतले.