पाद्रीबाबांचा पिठलं-भाताचा डबा

सायकलच्या हँडलला अडकवलेला पितळी डबा खडखडायचा. मंडळी, तो आवाज ऐकला की देवासच्या आमच्या गल्लीला कळायचं, कुणाच्या तरी घरी मरण आहे आणि आपले निवृत्त पाद्रीबाबा पिठलं-भात घेऊन निघालेत.

सुतकाच्या घरी चूल पेटत नाही. आमची आई गेली तेव्हाही ते आले. काकू कुरकुरल्या, "ख्रिस्ती घरचं कसं खायचं?" पाद्रीबाबा हसून म्हणाले, "भूक लागली की खा. तोवर मी पायरीवर बसतो." शेवटी काकूंनीच दुसऱ्यांदा भात मागून घेतला!

गेल्या महिन्यात पाद्रीबाबाच गेले. आज सकाळी समोरच्या मनोजचे वडील वारले. गर्दीत कुणीतरी आमच्या माळव्याच्या हिंदीत म्हणालं, "भिया, अब डब्बा कौन लाएगा?"

"मी," म्हणालो.

बायको म्हणाली, "जन्मभर शाळेतल्या कविता घोकल्यात, पिठलं कधी हलवलंत?" तरी हलवलं. दुपारी घरातल्याच एका डब्यात नेलं आणि पायरीवर बसलो. मनोज आधी नको म्हणाला, मग जेवला. लहानपणी वर्गात कविता बिनचूक म्हटल्यावर वाटायचं, तसंच वाटलं.

बाबांचं काम आता थांबत नाही, हे छातीठोक सांगतो. तुमच्या गल्लीत हा डबा कोण नेतं?

हे लिहितोय तोच कडी वाजली. बाबांच्या पत्नी, बाबा गेल्यापासून घराबाहेर न पडलेल्या पाद्रीणबाई दारात उभ्या, हातात बाबांचा तोच पितळी डबा.

"चला भाऊ, संध्याकाळचा मी आणलाय. दुपारच्या पिठल्यात गुठळ्या होत्या म्हणे."