सिलोनला जायचा कांदा

एकाहत्तर सालच्या उन्हाळ्यात मी कोल्हारच्या घरात नवीन होते. सासऱ्यांशी, म्हणजे मामंजींशी, तोवर एक शब्दही बोलले नव्हते. ते ओसरीवर असले की मी पदर सावरून मागच्या दारानं जायची.

आमचा कांदा त्या वर्षी सिलोनला, म्हणजे आताच्या श्रीलंकेला, जायचा होता. व्यापाऱ्यानं सौदा केला, पोती भरून शिवून झाली, पण ट्रक येईना. शेवटी व्यापारीच सायकलवरून आला.

"सिलोनात पोरांनी सरकारावर बंड केलंय. कर्फ्यू हाय. मुंबईत बोटीवर माल घेत न्हाईत."

मामंजींनी एसटीतून पेपर मागवला. त्यांना वाचता येत नव्हतं आणि माझे यजमान नोकरीला कोपरगावला. पेपर मांडीवर घेऊन ते बराच वेळ बसले. मग भिंतीकडं बघत म्हणाले, "सूनबाई सातवी झाल्यात म्हनं."

मी सासूबाईंकडं पाहिलं.

"वाच की! तिकडं कांदा सडाय लागलाय आन् हिला लाज!"

पहिल्या दिवशी दाराआडून वाचलं. चौथ्या दिवशी मी ओसरीवर होते आणि समोर शेजारचे पाचसहा शेतकरी. कर्फ्यू उठला का, बोटी लागल्या का, एवढंच सगळे विचारायचे.

इकडं सासूबाईंनी पोती उसवून कांदा लिंबाखाली पसरला. रोज निवडायच्या. मोड आलेला कांदा त्यांनी ऊसतोड संपवून पाथर्डीकडं परत निघालेल्या बायांच्या गाड्यांत सुपानं ओतला.

एके दिवशी बातमी होती, बंडातली बरीच पोरं मारली गेली.

"केवढाली हुती?" मामंजींनी विचारलं.

"शाळा-कॉलेजातली."

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "थांब पोरी. आज बास." मला ते पहिल्यांदाच 'पोरी' म्हणाले.

पुढं ट्रक आला. निम्माच माल गेला. उरलेला नगरच्या बाजारात मिळेल त्या भावानं विकला. पेपर बंद करा, असं मात्र कुणी म्हणालं नाही. पावसाळाभर मामंजी विचारायचे, "त्या पोरांचं पुढं काय झालं?" बहुतेक दिवशी पेपरात सिलोनचं काहीच नसायचं. मग मी दुसरं काही वाचायची आणि ते मान हलवत ऐकत बसायचे.