मॅडमांनी आधी चाखलं

मुनेश्वर मॅडमांना दुसऱ्याच्या डब्यात हात घालायची सवय होती. विचारणं वगैरे भानगड नाही. पांढरकवड्याच्या आमच्या कॉलेजात दुपारी डबे उघडले की प्राणिशास्त्राच्या या विभागप्रमुख बाई टेबलाभोवती एक फेरी मारत, प्रत्येकाच्या भाजीचा घास तोंडात टाकत, डोळे मिटत आणि निकाल देत. "जिरं जळलं." "हे वांगं कालचं हाय." प्राचार्यांनाही सूट नव्हती. "जीभ कोणाची खुर्ची पाहत नाही बापा," असं त्यांचं म्हणणं.

माझ्या डब्याला मात्र त्या हात लावत नसत. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांचा हात येताना पाहून मी झाकण लावलं होतं. माझ्या गळ्यात तुळशीची माळ, आणि त्यांच्या डब्यात वांग्यात वाळलेले झिंगे. "मी माळकरी आहे," असं काहीतरी मी पुटपुटलो. खरं कारण माळेपेक्षा जुनं होतं, आणि ते त्यांना कळलं हे मलाही कळलं. "बरं," एवढंच म्हणून त्या पुढच्या डब्याकडे वळल्या. ते 'बरं' मला चार वर्षं पुरलं.

मग कपाशीच्या बोंडअळीवरचा मॅडमांचा आणि माझा निबंध बँकॉकच्या एका परिषदेसाठी निवडला गेला. निघण्याआधी घरी, ढाणकीला, आईने माझ्याकडून माळेवर हात ठेवून वचन घेतलं, काही झालं तरी तोंड बाटवायचं नाही. वर दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लाडू यांनी बॅग गच्च भरून दिली. विमानवाल्यांनी ती बॅग भलत्याच देशाला धाडली. मी पोहोचलो तो रिकाम्या हातांनी आणि भरलेल्या वचनाने.

तिथली माणसं स्वभावाने फार गोड. 'मांस नको' म्हटलं की हसून मान डोलवायची आणि माशाच्या रसात भिजलेलं काहीतरी प्रेमाने पुढ्यात ठेवायची. मासा त्यांच्या लेखी मसाल्यात मोडत होता. पहिल्या दुपारी कच्च्या पपईची कोशिंबीर आली. मी हरखून चमचा उचलला, तोच मॅडमांनी माझी बशी ओढली.

"थांब. आधी मी चाखते." एक घास, डोळे बंद. "झिंगे. कुटून टाकले."

"पण दिसत तर नाहीत, मॅडम."

"माही माय मुकुटबनच्या बाजारात झिंगेच विकत होती. मी झोपेत ओळखीन. राहू दे माह्याकडंच."

सूप आलं. "मासोळीचं पाणी." पालेभाजी आली. "वरून मासोळीचा रस." भात आला, त्यात काहीतरी पिवळं होतं. "अंडं. चालते?" मी मान हलवली. भात गेला. शेजारच्या टेबलावरचे दोन जपानी कीटकशास्त्रज्ञ निबंध वाचायचं सोडून आमच्याकडे बघत बसले. मॅडमांचं मात्र पोट भरत चाललं होतं, कारण नापास झालेलं सगळं त्याच खात होत्या.

शेवटी नारळाच्या दुधातला भात आणि आंबा आला. मॅडमांनी चाखला, बशी माझ्याकडे सरकवली. "खा."

त्या चमच्याला त्यांचं उष्टं लागलं होतं. आमच्या घरात उष्टं फक्त आईचं चालतं. माझा हात थांबला, आणि मॅडमांच्या नजरेतून काही सुटत नसे.

"माह्या उष्ट्याचं वाटत असन तर सांग गावंडे. दुसरा चमचा मागते."

त्या टोमणा मारत नव्हत्या. खरंच विचारत होत्या. मला स्वतःची फार लाज वाटली. मी तोच चमचा घेतला आणि भात संपवला. डोळ्यांत पाणी आलं ते मी मिरचीवर ढकललं. त्या भातात मिरची नव्हतीच.

पुढे पाच दिवस असंच चाललं. शेवटच्या दिवशी मोठं जेवण होतं. त्यात सोनेरी, कुरकुरीत, तळलेल्या सांडग्यांसारखं काहीतरी आलं. मॅडमांनी मूठभर तोंडात टाकलं आणि चावता चावता थांबल्या.

"काय आहे मॅडम?"

"तीस वर्षं जिले मारत आली ना मी, त्या बोंडअळीची चुलत बहीण हाय." मग शांतपणे गिळून म्हणाल्या, "पण मीठ बरोबर हाय."

घरी आल्यावर आईने पहिला प्रश्न केला, "काही भलतं पोटात गेलं तं नाही ना रे?" मी सांगितलं, मॅडमांनी सगळं तपासून दिलं. कसं तपासलं, ते गिळलं. आई इतकी खूश झाली की म्हणाली, "त्या बाईले जेवाले घेऊन ये." झाली का पंचाईत! आमच्याकडे मुनेश्वर आडनावाचं माणूस आजवर ओसरीच्या पुढे आलं नव्हतं.

मॅडम आल्या. आईने आत, चुलीपाशी, दोन ताटं मांडली. मी घास घेणार, तोच मॅडमांचा हात सवयीने माझ्या ताटात आला. एक घास, डोळे बंद. "खा," त्या म्हणाल्या, आणि मग कुठे बसलोय ते लक्षात येऊन ओशाळल्या.

आई पोळी हातात धरून तशीच उभी राहिली. आता झाकण लावायला माझ्याकडे डबा नव्हता. मी म्हणालो, "आई, तिथं पाच दिवस मी मॅडमांचं उष्टंच खाल्लं. म्हणून माळ राहिली."

आईने हातातली पोळी मॅडमांच्या ताटात वाढली. मग स्वतःचं ताट वाढून घेऊन मॅडमांसमोर बसली आणि ते पुढे सरकवलं. "घ्या बाई, माह्यातलं बी चाखा. वय झालं, मले आता चव समजत नाही."

मॅडमांनी चाखलं. "मीठ कमी हाय, मावशी."

वडिलांची उभ्या जन्मात जी हिंमत झाली नव्हती, ती मॅडमांनी पहिल्या घासाला केली. आई मुकाट्याने उठली आणि मिठाचा डबा घेऊन आली.

त्यानंतर मी सुट्टीला घरी गेलो की येताना आई मॅडमांसाठी वेगळा डबा द्यायची, आणि पुढच्या खेपेला आधी निकाल विचारायची. बहुतेक वेळा मीठ कमीच असायचं.

मागच्या पावसाळ्यात मॅडम गेल्या. मी आईला फोन केला.

"भाजी चुलीवरच हाय रे," ती म्हणाली. "आता मीठ कोण सांगन?"